एक मोटार, सहा नावं!

वर्गातला एकच मुलगा रोज टोपी बदलून आला आणि हजेरीला दर वेळी निराळ्या नावाला ‘हजर’ म्हणाला तर? बाई लगेच पकडतील! पण १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये एका मोटारीनं हेच उजळ माथ्यानं केलं, आणि लोकांनी तिच्यावर उड्या टाकल्या.

ऑगस्ट १९६२ मध्ये ती आली ‘मॉरिस ११००’ या नावानं. कंपनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे बीएमसी. रचनाकार ॲलेक इसिगोनिस. १९५९ ची चिमुकली ‘मिनी’ यांचीच बरं का! मिनीतली युक्ती त्यांनी इथंही वापरली. इंजिन आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली. त्यामुळे जेमतेम सव्वाबारा फुटी गाडीत अख्खं कुटुंब ऐसपैस मावायचं. आणखी गंमत म्हणजे, तिला नेहमीच्या स्प्रिंगा नव्हत्याच! चाकांपाशी रबर आणि पातळ द्रव असलेले डबे होते. पुढचा डबा मागच्याला नळीनं जोडलेला. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं, की द्रव मागं ढकलला जाई, मागची बाजूही उचलली जाई आणि गाडी डुलत नसे. ही करामत ॲलेक्स मोल्टन यांची.

मग नावं सहा कशाला? तुम्ही विचारणारच! ऑस्टिन आणि मॉरिस या जुन्या प्रतिस्पर्धी. १९५२ मध्ये त्या एक झाल्या आणि बीएमसी जन्मली. पण दुकानं वेगळीच राहिली. ज्यांच्या घरी आजोबांपासून मॉरिस, ते ऑस्टिनच्या दुकानाची पायरी कशाला चढतील? म्हणून १९६३ मध्ये समोरची जाळी बदलून तीच गाडी ‘ऑस्टिन ११००’ झाली. दोन कार्बोरेटरवाली ‘एमजी’ आधीच आली होती. १९६५ मध्ये ‘वूल्झली’ आणि ‘रायली’ आल्या. वूल्झलीच्या जाळीवरचं नाव तर रात्री दिव्यासारखं उजळायचं! सगळ्यांत थाटाची ‘व्हॅन्डन प्लास’. चामड्याच्या गाद्या, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड आणि मागच्यांना खाऊ ठेवायला घडीची टेबलं!

ही फसवणूक का? व्हॅन्डन प्लास घेणाऱ्याला जादा पैशांत खरंच जास्त मिळायचं. ऑस्टिन-मॉरिसचा फरक मात्र बहुतेक नावापुरताच. खरी झळ कंपनीलाच. सुटे भाग किती तऱ्हांचे करायचे! वर एकाच गावात तिचेच दोन दुकानदार एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणार. त्या दशकात बहुतेक वर्षं ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली ही गाडी. १९७४ पर्यंत वीस लाखांहून अधिक बनल्या, तरी नफा तुटपुंजाच. १९६८ मध्ये बीएमसी ‘ब्रिटिश लेलँड’मध्ये विलीन झाली. पुढच्याच वर्षी ‘रायली’ हे जुनं, मानाचं नाव मोटारींवरून पुसलं गेलं.

टोप्यांचा हा खेळ आपल्याकडेही चालतो. २०१९ मध्ये आलेली टोयोटाची ‘ग्लान्झा’ म्हणजे मारुतीची ‘बलेनो’च! रस्त्यात दोघी शेजारी दिसल्या, तर फरक शोधा पाहू.