नकाशांतील रंग व जमिनीवरील माणसें

छापील नकाशा भिंतीवर टांगला म्हणजे त्याविषयीं शंका घेण्याचें पुष्कळांच्या मनांतहि येत नाहीं. खतावणी ताडून पाहिल्याखेरीज कवडीचाहि हिशेब मान्य न करणारा व्यापारी राष्ट्रांच्या व जातींच्या रंगीत नकाशापुढें मुकाट्यानें मान डोलवितो. ही श्रद्धा सोडणें कां अवश्य आहे, हें हंगेरीच्या उदाहरणावरून दिसून येईल.

पहिल्या महायुद्धांत पराभव झाल्यावर हंगेरीच्या सीमा ठरविण्याचें काम पॅरिसच्या तह-परिषदेकडे गेलें. स्वदेशाची बाजू मांडण्यासाठीं काउंट पाल तेलेकी या भूगोलवेत्त्यानें १९१० सालच्या खानेसुमारीवरून एक नकाशा केला. तो ‘तांबडा नकाशा’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांत मग्यार लोकांस भडक तांबडा रंग दिला होता. कागदावरील एक चौरस मिलिमीटर रंग म्हणजे शंभर माणसें, आणि विरळ वस्तीचे डोंगर कोरे, अशी त्याची रीत होती. ओसाड रानास माणसांइतकें वजन मिळूं नये, हा हेतु रास्तच म्हटला पाहिजे. परंतु ट्रान्सिल्व्हानियांतील रुमानियन लोकांची पुष्कळ वस्ती डोंगराळ मुलुखांत पसरलेली असल्यामुळें ती कोऱ्या कागदांत विखुरलेली दिसूं लागली आणि शहरांतील मग्यार वस्ती मात्र डोळ्यांत भरली. शिवाय मूळ खानेसुमारींत वंश विचारलेला नव्हता, मातृभाषा विचारली होती. त्यामुळें मग्यार बोलणारे यहुदीहि मग्यारांतच मोजले गेले. आंकडे तेच, पण प्रश्न कोणता विचारला व रंग कोणता निवडला, यावर चित्र पालटलें.

परिषदेचें मन या नकाशानें वळलें नाहीं. ४ जून १९२० रोजीं झालेल्या त्रियानोंच्या तहानें हंगेरीचा सुमारें दोन-तृतीयांश मुलूख गेला. पण म्हणून त्या तहाच्या रेषा न्यायाच्या होत्या असेंहि नव्हे. रेल्वेची व लष्कराची सोय पाहून त्या कित्येक ठिकाणीं ओढल्या गेल्या, आणि तीस लाखांहून अधिक मग्यारभाषी सीमेपलीकडे पडले. पुढें १९४० सालीं जर्मनी व इटली यांच्या निवाड्यानें उत्तर ट्रान्सिल्व्हानिया हंगेरीस मिळाला, तेव्हां दहा लाखांहून अधिक रुमानियन उलट बाजूस अडकले. १९४७ च्या तहानें तोहि निवाडा रद्द ठरला. मिश्र वस्तीच्या प्रदेशांत कोणतीहि रेषा सर्वांस न्याय देऊं शकत नाहीं. तेथें रेषेच्या दोन्ही बाजूंस अल्पसंख्यांच्या भाषेचे, शाळांचे व हक्कांचे रक्षण करणें हाच खरा उपाय होय.

१९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपासून बेळगांवचा प्रश्न उराशीं बाळगणाऱ्या आपल्या समाजानें तर हें विशेष ध्यानांत ठेविलें पाहिजे. नकाशा पुढें आला कीं गणती कोणीं केली, काय विचारून केली आणि कोरी जागा कां सोडली, हे तीन प्रश्न विचारण्याची संवय आमच्या शाळांतून मुलांस लावावी. नद्या व राजधान्या पाठ करून घेण्यापेक्षां हें शिक्षण नागरिकास अधिक उपयोगी पडेल.