रक्ताचा कर्करोग : आधी निदान, मग औषध

राजेश खन्नाचा 'आनंद' १९७१ मध्ये आला. त्यातल्या नायकाला झालेला 'लिम्फोसार्कोमा' हा रक्ताच्या कर्करोगाच्याच कुळातला आजार. रक्ताचा कॅन्सर म्हटले की आता काही खरे नाही, ही समजूत आपल्याकडे पक्की झाली, त्यात अशा चित्रपटांचाही वाटा आहे. आज त्याच कुळातले काही आजार पूर्ण बरे होतात. काही मधुमेहासारखे, गोळ्या घेत वर्षानुवर्षे सांभाळता येतात. काही मात्र अजूनही दाद देत नाहीत. आपल्या रुग्णाचा आजार यांतला कोणता, हे ठरवणे म्हणजे निदान. आजच्या भाषणात मी त्यावरच जास्त वेळ घेणार आहे.

आपले रक्त हाडांच्या पोकळीतल्या अस्थिमज्जेत तयार होते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स हा तिथला माल. या कारखान्यात एखादी पेशी बिघडली आणि अर्धवट वाढलेल्या स्वतःसारख्याच पेशी बेसुमार काढू लागली, की त्याला ल्युकेमिया म्हणतात. बिघाड लसिकाग्रंथींत झाला तर गाठी येतात, तो लिम्फोमा. प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी बिघडल्या तर हाडे पोखरली जातात, तो मायलोमा. प्रत्येकाचे पुन्हा अनेक पोटप्रकार आहेत आणि त्यांची औषधे एकमेकांना चालत नाहीत.

आता आपल्या भागात काय होते ते सांगतो. मी सक्करदऱ्यात राहतो. इथून तुकडोजी पुतळ्याकडे निघाले की राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय लागते. मेडिकलही फार लांब नाही. बुधवारच्या बाजाराच्या गर्दीत भाजीच्या पिशव्यांमधून वाट काढत जाणारे, हातात रिपोर्टांची जाडजूड फाइल असलेले एखादे कुटुंब हमखास दिसते. कुणी बालाघाटचे, कुणी छिंदवाड्याचे, कुणी गडचिरोलीकडचे. ती फाइल उघडली की बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन महिन्यांची कहाणी सारखीच निघते.

पोर फिकट पडले, म्हणून लोहाचे टॉनिक. हाडे दुखतात, म्हणजे सिकलसेल असेल. विदर्भात सिकलसेल खूप, त्यामुळे हा संशय चुकीचा नाही, पण तपासणी न करता तिथेच थांबणे चुकीचे. ताप आला आणि प्लेटलेट्स कमी निघाल्या, तर पावसाळ्याच्या शेवटी नागपुरात कुणीही डेंग्यूच म्हणणार. डेंग्यूत प्लेटलेट्स आठवडा-दीड आठवड्यात आपोआप वर येऊ लागतात. त्या वर येत नसतील, किंवा सोबत हिमोग्लोबिनही खाली असेल, तर रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायलाच हवा. यंत्र आकडे देते. पेशी कशा दिसतात हे पॅथॉलॉजिस्टच्या डोळ्यांनीच कळते.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती स्टेरॉइडची. अंगदुखीवर, तापावर एक सुई आणि चार दिवसांच्या गोळ्या घेतल्या की पोर खेळू लागते, भूक लागते, गाठी विरतात. घरचे खूश. होते असे, की मुलांमधल्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावर स्टेरॉइड हे खरोखरच औषध आहे, पण इतर औषधांच्या जोडीने आणि ठरलेल्या मात्रेत. एकटे आणि अर्धवट दिले तर वाईट पेशी काही काळ लपतात, मज्जेच्या तपासणीत चित्र गढूळ येते आणि आजार परततो तेव्हा निगरगट्ट झालेला असू शकतो. लिम्फोमाचेही तसेच. मानेतली गाठ क्षयाची समजून तुकडा न काढताच क्षयाच्या गोळ्या सुरू करण्याचा प्रकार तर सर्रास चालतो. आणि साठीच्या पुढच्या माणसाची महिनोन्महिने न थांबणारी पाठदुखी, सोबत रक्त कमी, हे दोन्ही एकत्र दिसले तर मायलोमाची शंका घ्यावी. तिथे वेदनाशामक गोळ्यांचा मारा झाला तर आधीच अडचणीत असलेल्या किडन्या बसतात.

मज्जा तपासायची म्हटले की लोक घाबरतात. 'पाठीतलं पाणी काढता का जी?' हा प्रश्न ठरलेला. पाणी नव्हे आणि मणकाही नव्हे. कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून, सुईने थोडी मज्जा घेतात. क्षणभर कळ येते, पण पायात लुळेपणा वगैरे येत नाही. (पाठीच्या कण्यातले पाणीही ल्युकेमियात तपासावे लागते, पण ती वेगळी तपासणी, मेंदूपर्यंत आजार गेला का हे बघण्यासाठी.) पूर्वी या मज्जेवर रंग चढवून बघत आणि तिथे थांबत. आता फ्लो सायटोमेट्रीत पेशी एकेक करून लेसर किरणांपुढून जातात आणि त्यांच्या अंगावरच्या खुणांवरून कूळ ओळखले जाते. गुणसूत्रांची तपासणी होते, जनुकांतला बदल पीसीआरने पकडता येतो. उपचारानंतर दहा हजार पेशींत एक वाईट पेशी उरली असली तरी ती सापडते आणि त्यावरून पुढचे औषध सौम्य ठेवायचे की जहाल, हे ठरते.

उपचारांची गोष्ट सुरू होते ती आपल्या मुंबईपासून, आणि ही गोष्ट मला फार आवडते. १९२८ च्या सुमारास लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आली. गिरणगावातल्या गरोदर बायकांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचे कारण तिला शोधायचे होते. यीस्टपासून केलेल्या 'मार्माइट' या स्वस्त पदार्थाने त्या बऱ्या होतात, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक ॲसिड, हे पुढे कळले. आता बघा, ज्या द्रव्यावाचून रक्तपेशी वाढत नाहीत ते अडवले तर कर्करोगाच्या पेशीही अडतील, असा उलटा विचार पुढे आला. फॉलिक ॲसिडला अडवणारी औषधे अमेरिकेत लेडर्ले कंपनीत तयार झाली. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांतले एक औषध बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना दिले आणि १९४८ मध्ये जाहीर केले की काही मुलांचा आजार काही महिने का होईना, मागे हटला. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या उपचारात आहे.

परळमध्येच १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले होते. तिथे १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे ते स्वतः चाकाच्या खुर्चीवरून काम करीत. तेव्हा सख्ख्या भावंडाची मज्जा तंतोतंत जुळली तरच काम होई. आता आई, वडील किंवा मूल यांची अर्धी जुळणारी मज्जाही चालते. जोखीम आहेच.

गोळीने सांभाळता येणारा आजार म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. पांढऱ्या पेशी एरवी ४ ते ११ हजार. यात लाखाच्या वर जातात, प्लीहा वाढून पोटाची डावी बाजू जड होते. ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलल्याने हे घडते, असे १९७३ मध्ये जॅनेट रोली यांनी दाखवले. त्या चुकीच्या जोडणीतून तयार होणारे प्रथिन बंद पाडणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तेव्हा मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात होता, भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांचा आठ-दहा हजार. मूळ कंपनीचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला आणि स्वस्त गोळीची वाट मोकळी राहिली. माझ्या मते या देशातल्या रुग्णांसाठी त्या निकालाचे मोल एखाद्या नव्या औषधाइतकेच आहे.

सक्करदऱ्यात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, त्यामुळे सोमल हा शब्द इथे नवा नाही. सोमल म्हणजे आर्सेनिक. प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या एके काळच्या अत्यंत घातक आजारात चीनमधल्या डॉक्टरांनी आर्सेनिक आणि जीवनसत्त्व 'अ'चे एक रूप वापरले. आज ही जोडी वेळेत मिळाली तर दहातले नऊ रुग्ण बरे होतात, बरेचसे केमोथेरपीशिवाय. पण हे आर्सेनिक शुद्ध करून, मोजून, हृदयाचा आलेख बघत शिरेतून देतात. बाहेरच्या पुड्या घेऊ नयेत, आणि इतर ल्युकेमियांत त्याचा असा गुण नाही.

सर्वांत नवी बातमी कार-टी पेशींची. रुग्णाच्याच टी पेशी काढून, विषाणूमार्फत त्यांत नवे जनुक घालून, कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी घडवलेल्या 'नेक्सकार १९' ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. परदेशात तीन-चार कोटींचा हा उपचार इथे सुरुवातीला चाळीस लाखांच्या आसपास आला. बी पेशींचा ल्युकेमिया किंवा लिम्फोमा उलटलेल्या रुग्णांवरच्या चाचण्यांत सुमारे ७३ टक्के जणांना प्रतिसाद मिळाला. काहींचा आजार पुढे परत येतोही, आणि चाळीस लाख ही रक्कम आमच्या फाइलवाल्या कुटुंबाच्या आवाक्यात नाहीच.

म्हणून त्यांच्यासाठी मला जुन्या औषधांचाच मुद्दा मोठा वाटतो. मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. त्यातला पहिला, दवाखान्यातला काळ अवघड. नंतर घरी गोळ्या आणि ठरावीक तारखांना तपासणी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून बराच खर्च निघतो, पण नागपूरची फेरी, मजुरी बुडणे, राहणे हे ज्याचे त्यालाच निस्तरावे लागते. पोर ठणठणीत दिसू लागते, पेरणी तोंडावर येते आणि येणे थांबते. पुढची तारीख शेतीच्या कामात येत असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा. तारीख बऱ्याचदा दोन-चार दिवस मागेपुढे करून मिळते, आणि तोवरच्या गोळ्या सोबत नेता येतात.