सावलीतील बागेसाठी रंगीत पानांची काटक झाडे

घरामागे आंब्याची वा फणसाची दाट सावली असली म्हणजे तेथे काहीच उगवत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. गुलाब, शेवंती, झेंडू या उन्हाच्या झाडांची अशा जागी लागवड करून निराशा पदरी आल्यामुळे हा समज दृढ झाला आहे. सावलीत फुलांचा हव्यास सोडून पानांच्या रंगाकडे वळावे. रंगीत पानांची बहुवर्षायू झाडे एकदा रुजली म्हणजे वर्षानुवर्षे टिकतात व उघडी जमीन झाकून पावसाने होणारी मातीची धूपही कमी करतात.

लागवडीपूर्वी सावलीची पारख करावी. दुपारी जमिनीवर कवडसे पडत असतील तर ती विरळ सावली. कवडसाही पडत नसेल तर दाट सावली समजावी.

विरळ सावलीत कोलियस, कॅलॅडियम व कॉर्डिलाइन चांगली वाढतात. क्रोटन मात्र सकाळचे ऊन मिळेल अशा कडेलाच लावावा. उजेड कमी पडल्यास त्याची नवी पाने हिरवीच राहतात. दाट सावलीत पिवळ्या कडांचा सॅन्सेव्हिएरिया व ड्रॅसिना तग धरतात. जमीन झाकण्यासाठी जांभळ्या पाठीच्या पानांचा ऱ्हिओ उपयोगी पडतो.

मोठ्या झाडाच्या खोडालगत खोल खणू नये व मातीचा भरावही घालू नये. त्यामुळे मुळांना इजा पोहोचते. मुळांमधील मोकळ्या जागी लहान खड्डे घेऊन त्यांत कुजलेले शेणखत व पालापाचोळ्याचे खत मिसळावे. मोठ्या झाडाची मुळे ओलावा शोषून घेतात, म्हणून उन्हाळ्यात पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे. पावसाळ्यात पाणी साचू देऊ नये. सॅन्सेव्हिएरिया त्याने कुजतो.

कोलियसची अभिवृद्धी शेंड्याच्या फाट्यांपासून सहज होते. त्याचे तुरे खुडल्यास पाने भरदार राहतात. सॅन्सेव्हिएरियाचे पान तुकडे करून लावल्यास पिवळी कड नाहीशी होऊन रोपे हिरवी निपजतात. म्हणून गड्डे विभागूनच लागवड करावी. कॅलॅडियमची पाने हिवाळ्यात सुकतात. झाड मेले असे समजून कंद फेकू नयेत. ते कोरड्या वाळूत ठेवून पावसाळ्याच्या तोंडी पुन्हा लावावेत.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. कॅलॅडियम व डिफेनबॅकिया ही अळूच्या कुळातील झाडे आहेत. रानअळूने घसा खाजतो तो ज्या सूक्ष्म स्फटिकांमुळे, तेच यांच्या पानांतही असतात. पान चघळल्यास जीभ व घसा सुजतो. अंगणवाडी, शाळा व गोठा यांच्याजवळ ही झाडे लावू नयेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोपे वाटताना ही गोष्ट प्रत्येक घरी समजावून सांगावी. अशा ठिकाणी कोलियसही जनावरांच्या तोंडी लागणार नाही, अशा बेताने कुंपणाआड लावावा.