शब्दांविना गोष्ट

मीरा रोडच्या कुठल्याही सोसायटीत संध्याकाळी मान वर करून पाहा, खिडकीच्या ग्रिलला टेकून एखाद्या आजी उभ्या दिसतील. गीतांजली राव यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) या अ‍ॅनिमेशनपटातली आजी अशीच, फ्लॅटमध्ये एकटी, सोबतीला मांजर. संवाद एकही नाही. घर करडं, पण काडेपेट्यांवरच्या चित्रांत आजी शिरली की रंग उसळतात. जे.जे.त शिकलेल्या राव यांनी ही चित्रं स्वतः रंगवली. मला हा लघुपट फार जवळचा वाटतो.

अशा चित्रपटात निवेदन संगीत करतं. विज्ञानकथेत ते आणखी ठळक जाणवतं. इटलीच्या ब्रूनो बोझेत्तो यांच्या ‘अलेग्रो नॉन त्रोप्पो’मध्ये (१९७६) अंतराळयान निघून जातं, मागे कोल्ड्रिंकची बाटली उरते. तिच्यातला थेंब वळवळू लागतो आणि त्यातून जीवसृष्टी चालू लागते. सोबत रावेलचं ‘बोलेरो’: ड्रमचा ठेका शेवटपर्यंत तोच, वाद्यं मात्र वाढत जातात. उत्क्रांतीला पाय फुटतात ते त्या ठेक्यामुळे. पहिल्यांदा अर्थ शोधू नका, ठेका धरा. मग आवाज बंद करून तोच थेंब पुन्हा पाहा.