घोडीचा दुसरा अंडाशय

पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर खोड्यात उभी केलेली ती घोडी मोतद्दाराच्या मते नुसती खुनशी होती. शेजारच्या घोड्यांवर चालून जायची, नरासारखी मान ताठवून खिंकाळायची, दुसऱ्या घोडीवर चढू बघायची. माजावर मात्र येत नव्हती. उन्हाळ्याच्या लांब दिवसांत घोडीला साधारण २१ दिवसांनी माज यायला हवा. स्वभाव वाईट म्हणून अशी जनावरं मार खातात, विकली जातात, याचा मला राग येतो.

डॉक्टरांनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, लीद काढली आणि गुदद्वारातून हात आत घातला. डावा अंडाशय लगेच लागला. मोठा, जड, वजनानं खाली ओढलेला. निरोगी अंडाशयाला एक खाच असते आणि घोडीत बीज तेवढ्याच जागेतून बाहेर पडतं. इथं ती खाच बुजून गेली होती. सोनोग्राफीच्या पडद्यावर मधाच्या पोळ्यासारखी कप्प्याकप्प्यांची जाळी उमटली.

तरीही डॉक्टर उजवीकडे वळले आणि तिथंच जास्त वेळ थांबले. तो अंडाशय छोटा, टणक. वाढतं पुटक एकही नाही. माझ्या मते खरी साक्ष त्याचीच. डावीकडे संशय होता तो गाठीचा. ग्रॅन्युलोसा पेशींची ही गाठ इन्हिबिन नावाचं संप्रेरक सोडते. त्यामुळे मेंदूच्या तळाची पियुषिका ग्रंथी पुटकं वाढवणारं एफएसएच संप्रेरक पुरेसं सोडत नाही आणि धडधाकट अंडाशयही निजतो. डावीकडे नुसतं रक्त साकळलं असतं, तर उजव्याचं काम चालूच राहिलं असतं. हिवाळ्यात बहुतेक घोड्यांचे अंडाशय थंडावतात, तेव्हा ही खूण तितकी बोलकी नसते.

मग रक्त घेतलं. टेस्टोस्टेरॉन या गाठीमुळे वाढतं तसं गाभण घोडीतही वाढतं, शिवाय गाठ असून कधी वाढतही नाही. एएमएच हे संप्रेरकही गाठीमुळे वाढतं, पण गाभणपणात फारसं हलत नाही, म्हणून डॉक्टरांचा भर त्याच्यावर.

ही गाठ सहसा पसरत नाही. ती अंडाशयासकट काढायची. आधी चारा बंद ठेवतात, म्हणजे आतडी रिकामी होऊन पोटात घालायच्या दुर्बिणीला वाट मिळते. घोडी सहसा आडवी पाडत नाहीत. गुंगी देऊन, कूस बधिर करून, उभ्या उभ्याच शस्त्रक्रिया होते.

मालकांनी विचारलं, “शिंगरू कधी मिळेल, डॉक्टर?”

“वागणं आधी निवळेल. उजवा जागा व्हायला सहा-आठ महिने, कधी जास्तही. पुढचा हंगाम धरा, साहेब.”

तोवर तिचं ठाण नरांच्या रांगेपासून लांब हलवायचं ठरलं.