सायकलस्वारांसाठी इमर्जन्सी आयडी: बँड, क्यूआर, एनएफसी की स्मार्टवॉच? नेमकं काय घ्यावं

गेल्या पावसाळ्यातली रविवारची राइड. आम्ही सात जण पहाटे पुण्यातून निघून बोपदेव घाटाने सासवडला गेलो होतो. परत येताना, घाट उतरताना, ग्रुपमधले एक काका ओल्या वळणावर घसरले. हेल्मेट होतं, हाडं शाबूत होती, पण डोक्याला मार लागला होता. ते पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "आपण कुठे आहोत?"

१०८ ला फोन केला, हॉस्पिटलला पोहोचलो. डॉक्टरांनी तीन साधे प्रश्न विचारले. पूर्ण नाव काय? काही औषधं चालू आहेत का? घरचं कोणी आहे का? आमच्यापैकी एकालाही एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. वर्षभर दर रविवारी एकत्र पोहे खाल्ले होते, पण आमच्यासाठी ते फक्त "काका" होते. त्यांचा फोन हँडलवरच्या माउंटमधून उडाला होता. तो सापडला, पण लॉक होता आणि ओल्या, चिखलाने माखलेल्या बोटाने उघडेना.

अर्ध्या तासाने त्याच फोनवर काकूंचा कॉल आला, "अजून कसे आला नाहीत?" तेव्हा कळलं की काकांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या बाबतीत ही बारीकसारीक गोष्ट नाही. अशा वेळी आत रक्तस्राव होण्याचा धोका जास्त असतो आणि उपचार त्यानुसार ठरतात. काका आज ठणठणीत आहेत. पण तो अर्धा तास माझ्या डोक्यातून गेला नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे पहिला विचार साहजिकच "यावर एक ॲप करता येईल" असा आला. मग बाजारातले सगळे पर्याय नीट पाहिले आणि निष्कर्ष जरा उलटाच निघाला. तो का, हे समजून घेऊ.

आधी हे ठरवा: वाचणार कोण?

इमर्जन्सी आयडी घेताना आपण स्वतःचा विचार करतो. दिसतं कसं, वजन किती, बॅटरी किती चालते. पण ती वस्तू वापरणारे तुम्ही नाहीच. तुम्ही तेव्हा रस्त्यावर पडलेले असाल. खरे वापरकर्ते तीन:

१. सगळ्यात आधी थांबणारा माणूस. दूधवाला, ट्रक ड्रायव्हर, शेतावर निघालेली एखादी मावशी. त्यांच्याकडे कदाचित साधा फोन असेल, घाटात नेट नसेल, आणि ते घाबरलेले असतील.
२. ॲम्ब्युलन्समधले डॉक्टर किंवा मदतनीस.
३. हॉस्पिटलमधल्या कॅज्युअल्टीचे डॉक्टर.

म्हणजे कसोटी सोपी आहे. अनोळखी माणसाला, नेट नसताना, तुमचा फोन न उघडता, अर्ध्या मिनिटात तुमच्या घरी फोन लावता आला पाहिजे. आता एकेक पर्याय या कसोटीवर घासून बघू.

१. कोरलेली पट्टी

स्टीलची छोटी पट्टी, तिच्यावर लेझरने कोरलेली अक्षरं, सिलिकॉनच्या किंवा कापडी बँडमध्ये बसवलेली. अमेरिकेतली रोड आयडी ही कंपनी १९९९ पासून हेच विकते. आपल्याकडे ट्रॉफी, नेमप्लेट किंवा कीचेन कोरून देणाऱ्या दुकानात अशी पट्टी करून मिळते.

फायदा: बॅटरी नको, नेट नको, ॲप नको. वाचता येणाऱ्या कोणालाही कळतं.
तोटा: जागा कमी, आणि नंबर बदलला की पट्टी नवी करावी लागते.

घेताना एकच गोष्ट तपासा: अक्षरं कोरलेली आहेत की नुसती छापलेली? वरवरची छपाई घाम, सनस्क्रीन आणि घासण्यामुळे पुसट होत जाते. नखाने खरवडून बघा. धातू शक्यतो ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या, ते घामाच्या खारेपणाला चांगलं टिकतं.

२. क्यूआर कोड

इथे दोन वेगळे प्रकार आहेत आणि विकणारे बहुतेक वेळा फरक सांगत नाहीत.

एका प्रकारात क्यूआरमध्ये फक्त लिंक असते. स्कॅन केलं की कंपनीच्या सर्व्हरवरचं तुमचं पान उघडतं. माहिती कधीही बदलता येते, ही सोय छान आहे. पण नेट नसेल, सबस्क्रिप्शन संपलं असेल किंवा कंपनी बंद पडली असेल, तर हाती उरतात फक्त काळे-पांढरे चौकोन.

दुसऱ्या प्रकारात मजकूर थेट क्यूआरमध्येच भरलेला असतो. तो नेटशिवाय वाचता येतो. पण मजकूर वाढला की चौकोन बारीक होतात आणि छोट्या पट्टीवर स्कॅन होणं अवघड जातं. क्यूआरमध्ये चूक दुरुस्त करण्याच्या चार पातळ्या असतात. सगळ्यात वरची 'एच' पातळी निवडली, तर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. रस्त्यावर घासली जाऊ शकणाऱ्या वस्तूसाठी हीच निवडा.

तरीही एक अडचण उरतेच. हे स्कॅन करायचं असतं, हे थांबलेल्या माणसाच्या लक्षात यायला हवं. आपल्याकडे क्यूआर दिसला की लोकांना आधी पैसे द्यायचे आठवतं!

३. एनएफसी टॅग

मेट्रो कार्डासारखंच तंत्रज्ञान. टॅगमध्ये बॅटरी नसते, जवळ आणलेल्या फोनच्या रेडिओ लहरींमधूनच त्याला वीज मिळते. स्वस्त टॅगमध्ये सहसा एनटॅग २१३ ही चिप असते आणि तिच्यात तुमच्यासाठी जागा असते फक्त १४४ बाइट. रोमन लिपीत एका अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत मात्र यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन. "पत्नी" या शब्दात प, त, हलन्त, न आणि वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट गेले.

शिवाय आपल्याकडच्या अनेक स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये एनएफसी नसतंच. आयफोन एक्सएस आणि त्यापुढचे फोन वेगळं ॲप न उघडता टॅग ओळखतात, पण त्यासाठी टॅगमध्ये लिंक किंवा फोन नंबर हवा. नुसता मजकूर भरला असेल तर काहीच दिसत नाही. त्यामुळे टॅग घेतलाच, तर त्यात घरचा फोन नंबर 'कॉल' प्रकारात भरा. मुख्य ओळख म्हणून यावर विसंबू नका.

४. स्वतःचा फोन

हे फुकट आहे, म्हणून आजच करा. आयफोनमध्ये हेल्थ ॲपमध्ये 'मेडिकल आयडी' भरा आणि लॉक असताना दिसण्याची परवानगी चालू ठेवा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये 'इमर्जन्सी' असं शोधा. लॉक स्क्रीनवरच्या इमर्जन्सी बटणातून ही माहिती उघडते. पण ती तिथे असते हे सामान्य माणसाला माहीत नसतं. म्हणून त्याहून साधा उपाय: घरचा नंबर लिहिलेला फोटो राइडपुरता लॉक स्क्रीनचा वॉलपेपर म्हणून लावा.

आणि हो, फोन माउंटवर असेल तर तो सायकलसोबत राहतो, तुमच्यासोबत नाही. आमच्या काकांचा फोन झुडपातून शोधून काढावा लागला होता.

५. स्मार्टवॉच आणि सायकल कॉम्प्युटर

ॲपल वॉचच्या सिरीज ४ पासून पडल्याचं ओळखण्याची सोय आहे. जोरात पडून तुम्ही साधारण मिनिटभर हालचाल केली नाही, तर घड्याळ स्वतःहून इमर्जन्सी नंबरला कॉल लावतं. वय ५५ च्या खाली असेल तर ही सोय चालू आहे का, ते सेटिंगमध्ये जाऊन बघा. गार्मिनच्या अनेक उपकरणांमध्येही अपघात ओळखून घरच्यांना मेसेज पाठवण्याची सोय आहे, पण त्यासाठी जोडलेला फोन आणि नेटवर्क दोन्ही लागतं.

एकट्याने राइड करणाऱ्यांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण तिथे थांबणारंच कोणी नसेल तर पट्टी वाचणार कोण? पण घड्याळ मदत बोलावतं, तुमची ओळख सांगतंच असं नाही. दोघांचं काम वेगळं आहे. एकाच्या बदल्यात दुसरं, असं करू नका.

पट्टीवर काय लिहायचं?

जागा पाच-सहा ओळींची. माझा क्रम असा:

- पूर्ण नाव आणि जन्मवर्ष. वय लिहू नका, ते दरवर्षी बदलतं.
- शहर. घराचा पूर्ण पत्ता नको, पट्टी हरवली तर तो भलत्याच्या हाती लागेल.
- दोन फोन नंबर, नात्यासकट. परदेशात सायकल चालवत असाल तर देशाच्या कोडसह. जगभर अशा नंबरपुढे 'आयसीई' लिहायची पद्धत आहे, ती २००५ मध्ये एका ब्रिटिश पॅरामेडिकने सुचवली होती. पण आपल्या हायवेवर "पत्नी" किंवा "आई" हेच जास्त चटकन कळतं.
- उपचार बदलू शकेल अशी माहिती: औषधाची ॲलर्जी, मधुमेह, फिट्स, रक्त पातळ करणारं औषध. डोस लिहू नका, तो बदलत राहतो.

रक्तगट सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं, पण पट्टीवर काय लिहिलंय यावरून हॉस्पिटल रक्त चढवत नाही. ते स्वतः तपासणी करतात आणि अगदीच घाई असेल तर ओ निगेटिव्ह वापरतात.

भाषा? नातं मराठीत, आजार आणि औषधं इंग्रजीत. पहिली ओळ वाटसरूसाठी, दुसरी डॉक्टरांसाठी.

चिन्ह लावायचं असेल तर ॲम्ब्युलन्सवर असतो तो सहा टोकांचा निळा तारा लावा. लाल क्रॉस नको. त्याचा वापर भारतात जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायदा, १९६० नुसार मर्यादित आहे.

कुठे घालायचं?

मनगट सगळ्यात चांगलं, कारण नाडी बघायला हात तिथेच जातो. घोटा किंवा बुटावरची पट्टी पटकन दिसत नाही. हेल्मेटवरचा स्टिकर जास्तीचा म्हणून ठीक, पण हेल्मेट अपघाताच्या जागीच राहू शकतं. सॅडल बॅगेतलं कार्डही सायकलसोबतच राहतं. नियम एकच: ओळख शरीरावर हवी, सामानात नको.

घरचा फोन वाजेल का?

हा मुद्दा माझ्याही उशिरा लक्षात आला. रविवारी सकाळी साडेसहाला घरचे झोपलेले, फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर, आणि कॉल अनोळखी नंबरवरून. कोण उचलणार? म्हणून पट्टीवर ज्यांचे नंबर आहेत त्यांच्या फोनमध्ये 'रिपीट कॉल'ची सोय चालू करा. एकाच नंबरवरून लागोपाठ दुसऱ्यांदा कॉल आला (आयफोनवर तीन मिनिटांत, अँड्रॉइडवर १५ मिनिटांत) तर फोन वाजतो. आणि त्यांना सांगून ठेवा, मी राइडला असेन तेव्हा अनोळखी नंबर उचलायचा. दोनपैकी एक नंबर तरी तुमच्यासोबत सायकल न चालवणाऱ्या माणसाचा हवा.

मग मी काय घेतलं?

मनगटावर कोरलेली स्टीलची पट्टी. तिच्या मागच्या बाजूला थेट मजकुराचा क्यूआर. फोनमध्ये मेडिकल आयडी. एकटा लांब जाणार असेन तर घरी लाइव्ह लोकेशन. एवढंच. ॲप केलं नाही.

पट्टी आल्यावर सोसायटीच्या वॉचमनदादांच्या हातात दिली आणि म्हटलं, "समजा मी बेशुद्ध आहे, काय कराल?" पहिल्या पट्टीवरची अक्षरं त्यांना चष्म्याशिवाय दिसेनात. म्हणून दुसरी केली: ओळी कमी, अक्षरं मोठी. आता २० सेकंदांत आईचा फोन वाजतो. तुमच्या पट्टीचीही अशी परीक्षा घ्या, आणि ती घरातल्या माणसाकडून नको.

शेवटची गोष्ट, आपण थांबणारे असू तेव्हाची. आधी १०८ किंवा ११२, मग पट्टीवरचा नंबर. मोटर वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४ए सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, आणि स्वतःचं नाव सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. तेव्हा "नसती लफडी" म्हणून पुढे जाऊ नका.

आमच्या ग्रुपमध्ये आता राइड सुरू होण्याआधी हवा आणि ब्रेकसोबत मनगटंही तपासतात. सगळ्यात आधी हात पुढे करतात ते काका.