मान्यता ग्रीसची, आसरा कुठला?

२०२० च्या उन्हाळ्यात अथेन्सच्या व्हिक्टोरिया चौकात कुटुंबंच्या कुटुंबं उघड्यावर झोपत होती. त्यांचे आश्रयाचे अर्ज फेटाळले गेले नव्हते, मंजूर झाले होते. लेस्वॉस बेटावरच्या मोरिया छावणीतून ही माणसं निर्वासित म्हणून रीतसर मान्यता घेऊन आली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये ग्रीसने कायदा बदलला होता. मान्यता मिळाली की ३० दिवसांत सरकारी निवारा सोडायचा. आधी सहा महिने मिळत.

मान्यतेबरोबर प्रवासाचे कागदही मिळतात. त्यांवर शेंगेन देशांत ९० दिवस जाता येतं, पण तिथे स्थायिक होऊन नोकरी करता येत नाही. तरीही अनेकांनी जर्मनी गाठली आणि तिथे नव्याने आश्रय मागितला.

आश्रयाचा अर्ज कोणत्या देशाने तपासायचा हे ठरवणारा डब्लिन नियम अशा माणसांना लागू होतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो नियम ज्यांचा निकाल लागायचा आहे त्यांच्यासाठी. ज्याला आधीच संरक्षण मिळालं आहे, त्याचा अर्ज दुसरा देश २०१३ च्या युरोपीय निर्देशानुसार गुणदोष न तपासताच परत करू शकतो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये याला मर्यादा घातली. परत गेल्यावर माणसाला अन्न, स्वच्छता आणि निवारा या प्राथमिक गरजाही भागवता येणार नसतील, तर दार असं बंद करता येत नाही. जर्मन न्यायालयांत या कसोटीचे तीन शब्द झाले: अंथरूण, पाव, साबण. जानेवारी २०२१ मध्ये म्युन्स्टरच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने ग्रीसमध्ये या तिन्हींची हमी नाही असं ठरवून परत पाठवणी रोखली.

पण परत पाठवता येत नाही म्हणजे निर्वासित म्हणून मान्यता मिळालीच, असं नाही. ग्रीसने निर्वासित मानलेल्या एका सीरियन स्त्रीला जर्मनीने त्याहून कमी दर्जाचं संरक्षण दिलं. जून २०२४ मध्ये युरोपीय संघाचं न्यायालय म्हणालं, जर्मनीवर ग्रीसच्या निर्णयाचं बंधन नाही. मात्र तो पूर्णपणे विचारात घेऊन अर्ज नव्याने तपासावा. एका सदस्य देशाचा वाहनपरवाना सगळ्या संघात चालतो, निर्वासितपणाचा दाखला चालत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

एप्रिल २०२५ मध्ये लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं: एकट्या, धडधाकट पुरुषांना ग्रीसला परत पाठवता येईल. तात्पुरते निवारे आहेत, आणि गरज पडल्यास सुरुवातीला नोंद नसलेल्या कामावरही पोट भरता येईल, असा त्यामागचा युक्तिवाद. कायद्याने संरक्षण दिलेल्या माणसाला कायद्याबाहेरच्या कामाच्या भरवशावर सोडणं हे संरक्षण नव्हे.

कायदेशीर वाट आहे, पण ती लांबची. एका देशात सलग ५ वर्षं कायदेशीर वास्तव्य, स्थिर उत्पन्न आणि आरोग्य विमा असेल, तर दीर्घकालीन रहिवाशाचा दर्जा मिळतो, आणि मग दुसऱ्या सदस्य देशात राहायला जाण्याचा हक्क मागता येतो. चौकात झोपणाऱ्याने स्थिर उत्पन्न दाखवायचं कुठून? ज्या निर्वासिताला दुसऱ्या सदस्य देशात काम मिळालं आहे, त्याला ५ वर्षं न थांबवता तिथे जाऊ द्यायला हवं.